प्रॉपर्टी आहे का?

मागच्या आठवड्यात शेजारच्या अण्णांच्या वाड्यापुढं एक टेम्पो ट्रॅव्हलर थांबली. काळा टीशर्ट, कमरेला वॉकीटॉकी, मनगटात चिकटपट्टीची दोन कडी असा एक पोरगा खाली उतरला आणि ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या अण्णांना म्हणाला,

"काका, जुनी प्रॉपर्टी आहे का?"

"आहे," अण्णा म्हणाले. "पण केस चालू आहे."

"चालेल काका. आम्हाला दोनच दिवस पाहिजे."

अण्णांचा अडकित्ता थांबला. लोणी काळभोरात जमीन विचारत येणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली आहेत. विकत मागणारे, प्लॉट पाडायला मागणारे, गोडाऊनला मागणारे, टँकर उभे करायला मागणारे. दोन दिवसांपुरती मागणारा हा पहिलाच. "दोन दिवसांत मोजणीवाला चहासुदिक संपवत न्हाई, बाळा," ते म्हणाले.

मी तिथं चहाला बसलो होतो, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. शूटिंगवाल्यांच्या भाषेत प्रॉपर्टी म्हणजे जमीन नव्हे, सामान. समई, तांब्या, पानाचा डबा, लोखंडी पेटी, झोपाळ्याच्या कड्या. अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली. कोणीतरी दावा मिटवायला आलंय असं त्यांना क्षणभर वाटलं असावं.

आमच्या गावाला शूटिंगचं अप्रूप नाही. राज कपूर यांची राजबाग इथलीच. आता तिथं विद्यापीठ आहे, पण 'सत्यम् शिवम् सुंदरम्'चं शूटिंग तिथं झालं आणि साठी ओलांडलेल्या प्रत्येक लोणीकराचा दावा आहे की त्या पिक्चरच्या गर्दीत तो आहे. सगळे दावे खरे धरले तर राज कपूरनी निम्मा हवेली तालुका पडद्यावर आणला. असो. सांगायचं हे की गाव सरावलेलं आहे. फक्त यावेळी येणारी मंडळी म्हणाली ते नवीन होतं. एका अभिजात इंग्रजी कादंबरीवरून मराठी मालिका. तीही पेशवाईतली. कादंबरी कुठली, तर 'प्राइड अँड प्रेज्युडिस'.

क्रिएटिव्ह म्हणून एक तरतरीत मुलगी आली होती. तिनं मोबाइलवर चित्रं दाखवली. "काका, खूप रिच दिसणार आहे. नऊवाऱ्या, नथी, हंड्या-झुंबरं, मशाली. रॉयल फील." चित्रं सुंदरच होती. रामदऱ्याच्या तळ्याकाठी हल्ली लग्नाआधी फोटो काढायला जोडपी येतात, त्यांतली निम्मी याच पोशाखात असतात.

मी विचारलं, "मुलींच्या बापाचं उत्पन्न किती धरलंय?"

"म्हणजे?"

म्हणजे असं बघा. जेन ऑस्टिनची ही कादंबरी १८१३ साली छापली गेली. तिच्यात कोण कसा दिसतो हे शोधून काढावं लागतं. एलिझाबेथचे डोळे छान आहेत, डार्सी उंच आणि देखणा आहे, झालं. पडदे कुठल्या रंगाचे, जेवणात काय होतं, झग्याला लेस किती, याची बाईंना फारशी पर्वा नाही. पण कोणाचं वार्षिक उत्पन्न किती, हे पात्र दारातून आत यायच्या आधी कळतं. डार्सी दहा हजार पौंड. बिंगली चार-पाच हजार. बेनेट, म्हणजे पाच मुलींचा बाप, दोन हजार. आणि या दोन हजारांची गोम अशी की जमीन मुलींना मिळणार नाही, बायकोला नाही, ती जाणार कोलिन्स नावाच्या लांबच्या भाऊबंदाला. बापाचा श्वास थांबला की पाच मुली आणि आई रस्त्यावर. सगळी कादंबरी या एका ओळीवर उभी आहे. नाच, चहापान, पावसात घोड्यावरून जाणं, हे सगळं त्या ओळीवर घातलेलं पांघरूण.

ही ओळ विलायतेतल्या आजच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागते. तिथला तो कायदा जुना झाला. आमच्या ओट्यावर मी सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या मिनिटाला मला कोणी बोलू देईना. काळभोरांना भावकी शिकवणारा मी कोण?

"बिंगलीकडं जमीन किती?" एकानं विचारलं.

जमीन नाही. बाप व्यापारात कमावून मेला, लाख पौंड ठेवून गेला. वाडा भाड्यानं घेतलाय.

"मंजी रोकड हाय, बूड न्हाई." निकाल लागला. आमच्याकडं गुंठे विकून गाडी घेणाऱ्याला गुंठामंत्री म्हणतात. बिंगली त्याच्या उलट. त्याच्याकडं गाडी आहे, तो गुंठे शोधतोय. डार्सीला मात्र ओट्यानं उठून जागा दिली. वडिलोपार्जित, एकखांबी, वाटणी न झालेली जमीन. असा माणूस बोलायला तुसडा असला तरी त्याला मानी म्हणतात, हे इंग्लंडात आणि हवेली तालुक्यात सारखंच.

आणि मिसेस बेनेट. पोरींची लग्नं लावायला धडपडणारी, आरडाओरडा करणारी, नसा धरून बसणारी आई. आजवर जेवढ्या वेळा ही कादंबरी पडद्यावर आली तेवढ्या वेळा ही बाई हसण्यावारी नेली. आमच्या ओट्यावर तिला कोणी हसलं नाही. अण्णांच्या मंडळी आतून चहाचे कप न्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाच पोरी, आन् घर पुतण्याच्या नावावं. बाई वरडंल न्हाई तर काय करंल? तिचा नवरा काय करतो?"

पुस्तकं वाचतो, म्हटलं.

"मग बराबर हाय," म्हणून त्या कप घेऊन आत गेल्या. दोनशे वर्षांत या कादंबरीवर पुष्कळ समीक्षा झाली आहे. एवढी थोडक्यात माझ्या वाचनात नाही.

क्रिएटिव्ह मुलगी हे सगळं ऐकत होती, पण वहीत काही लिहून घेत नव्हती. तिची अडचण वेगळी होती. "काका, पैशाचं दाखवलं की हिरोइन लालची वाटते."

आता या वाक्यावर एक अख्खं सदर होईल. मराठी मालिकेतली बाई विष कालवू शकते, सवतीच्या जिन्यावर तेल सांडू शकते, मेलेली असून सहाशेव्या भागात परत येऊ शकते. फक्त तिनं "माझ्या नावावर काय आहे?" एवढं विचारायचं नाही. विचारलं की ती खलनायिका. तिला लगेच भुवई रंगवून देतात.

इंग्रजांनीही काही कमी केलं नाही. बीबीसीची १९९५ सालची सहा भागांची मालिका जगभर गाजली. अँड्र्यू डेव्हिस यांनी लिहिलेली. उत्तम होती, मीही दोनदा पाहिली. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? तळ्यात डुंबून ओल्या सदऱ्यात बाहेर आलेला कोलिन फर्थ. कादंबरीत तळ्यात कोणी उडी मारत नाही. ऑस्टिनबाईंच्या पुरुषाला सर्दी होईल असं त्या काही करत नाहीत, पावसात भिजवून आजारी पाडतात ते बायकांना. उलट डार्सीचं प्रेम कादंबरीत कशातून कळतं, तर एका हिशेबातून. एलिझाबेथची धाकटी बहीण एका कर्जबाजारी लष्करी माणसाबरोबर पळून जाते. डार्सी गुपचूप त्याला गाठतो, त्याचं हजार पौंडांवरचं कर्ज फेडतो, मुलीच्या नावानं आणखी हजार लावतो, वर त्याला पलटणीत जागा घेऊन देतो आणि लग्न लावून मोकळा होतो. कुठं बोलत नाही. यापेक्षा मोठं प्रेमपत्र आमच्या तालुक्यात तरी कोणी लिहिलेलं नाही. पण पावतीचा क्लोजअप कोण घेणार? सदरा ओला करणं सोपं.

(ओल्या वस्त्राच्या बाबतीत मात्र लोणी काळभोर बीबीसीच्या सतरा वर्षं पुढं होतं. 'सत्यम् शिवम् सुंदरम्' १९७८ चा. ही नोंद विद्यापीठानं एखाद्या दगडावर कोरावी.)

परक्या कथेला आपला अंगरखा घालायचा धंदा मराठीला नवा नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'चा 'विकारविलसित' केला १८८३ साली. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' रेनॉल्ड्सच्या कादंबरीवरून उठलेली. पुलंनी 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली आणि लंडनची फुलवाली अशी काही मराठी बोलायला लागली की शॉसाहेब आपलेच कोणी वाटावेत. या मंडळींनी कपडे बदलले म्हणून ते जमलं असं कोणी समजू नये. फुलराणीची बोली बदलली, आणि बोलीबरोबर येणारा अपमान मराठी केला. तो अपमान आपल्याकडं आधीपासून होताच, त्याला फक्त जागा करून दिली.

तसं १८१३ चं पुणं ऑस्टिनबाईंना आंदण दिल्यासारखं आहे. गादीवर दुसरा बाजीराव. संगमावर रेसिडेंट एल्फिन्स्टनचा मुक्काम. महालांची वसुली जो जास्त बोली देईल त्याला मक्त्यानं, म्हणजे कालचा कोणीही आज मोठा माणूस आणि परवा कर्जात. अकरा वर्षांपूर्वी, ऐन दिवाळीत, इथंच हडपसराला यशवंतराव होळकरानं पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांना झोडपलेलं, त्यामागून दुष्काळ आलेला. अशा गावात पाच उपवर मुलींचा एक मध्यम इनामदार, मुलगा नाही, दत्तक घ्यायचा की नाही यावर घरात धुसफूस, आणि दारात टपून बसलेला भाऊबंद. तो भाऊबंद पोटार्थी शास्त्रीबुवा असावा, आणि कुठल्या तरी सरदारीणबाईंच्या पंगतीचं वर्णन करता करता त्याचं जेवण गार व्हावं. सांगा, यात एक तरी गोष्ट इंग्लंडहून मागवावी लागली का?

दत्तकाचं तर ऑस्टिनबाईंच्या घरातच होतं. त्यांचा भाऊ एडवर्ड एका श्रीमंत, निपुत्रिक नातेवाइकांकडं दत्तक गेला आणि मोठ्या इस्टेटीचा धनी झाला. वडील वारल्यावर आई आणि दोघी अविवाहित बहिणी भावांनी दिलेल्या पैशांवर दिवस काढत होत्या. शेवटी १८०९ साली एडवर्डनं चॉटनला एक घर राहायला दिलं, तिथं बसून जेननं कादंबऱ्या पुऱ्या केल्या. 'प्राइड'चे सगळे हक्क तिनं ११० पौंडांना विकून टाकले. मागितले होते १५०. पुस्तकावर नावही नव्हतं. मराठी लेखकांनी उगाच खंत करू नये, परंपरा जुनी आहे.

हे मी क्रिएटिव्ह मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "काका, मस्त आहे. पण १८१३ मध्ये मस्तानी दाखवता येईल का?"

मस्तानी १७४० साली गेली, म्हटलं.

"फ्लॅशबॅकमध्ये?"

यात तिचा दोष नाही. वरून आलेली मागणी असते. २०१५ साली पडद्यावर काशीबाई आणि मस्तानी जोडीनं 'पिंगा' खेळल्या, त्यावर गदारोळ झाला आणि पिक्चर धो धो चालला. तेव्हापासून प्रत्येक ऐतिहासिक मालिकेत दोन बायका एकत्र नाचवायची तजवीज करून ठेवतात. इथंही एलिझाबेथ आणि सरदारीणबाईंची फुगडी असणार, मी पैज लावतो.

खरी पेशवाई तर आमच्या शेजारीच आहे. थेऊर फाट्यावरून डावीकडं वळलं की चिंतामणीचं देऊळ आहे. थोरले माधवराव पेशवे तिथं १८ नोव्हेंबर १७७२ ला गेले, क्षयानं. वय सत्तावीस. रमाबाई त्यांच्यामागं सती गेल्या. रणजित देसाईंनी १९६२ साली 'स्वामी' लिहिली आणि ऐंशीच्या दशकात दूरदर्शननं तिची मालिका केली. आमच्या पिढीला माधवराव म्हटलं की रवींद्र मंकणी दिसतात आणि रमाबाई म्हटलं की मृणाल देव. मी नावं ठेवणार नाही. तेव्हाचे सेट साधे, प्रकाश सपाट, आणि माणसं वाक्य पुरं झाल्यावर गप्प बसायची. आज ते धाडस कोणी करणार नाही.

पण थेऊरला जाऊन येणाऱ्या कोणालाही विचारा, माधवरावांचं काय ठाऊक आहे. रमा-माधवाचं प्रेम. बस. चुलत्यानं राज्यात अर्धा वाटा मागितला होता, त्यापायी १७६८ साली धोडपला लढाई झाली आणि पेशव्यानं सख्ख्या चुलत्याला शनिवारवाड्यात कोंडलं, हे कितीजण सांगतील? मरताना केलेल्या कलमांत कर्ज फेडण्याचं कलम होतं, हे? ज्याच्या नावानं हिंदुस्थानभर फौजा फिरत होत्या तो माणूस शेवटच्या आजारात, आमच्या उसाच्या पट्ट्यात, देणेकऱ्यांची काळजी करत पडला होता. नाटककार खाडिलकरांना हे बरोबर कळलं होतं. त्याच घराण्याच्या पुढच्या अंकाला त्यांनी नाव दिलं 'भाऊबंदकी'. आज एखाद्या वाहिनीला हे नाव सुचवा. म्हणतील, निगेटिव्ह आहे, 'नातं रेशमाचं' चालेल का?

आता जरा साडीबद्दल बोलतो, कारण सगळं भांडण साडीपाशीच येऊन थांबतं.

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क, हे महाराष्ट्रानं १९९४ साली कायद्यात आणलं. केंद्रानं २००५ साली. तरी आमच्या भागात कुठल्याही दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर सकाळी अकराला उभे राहा. भाऊ गाडीतून उतरतात, मागून बहिणी उतरतात. एखादी हसत असते, एखादी पदराचं टोक बोटाला गुंडाळत असते. आत हक्कसोडपत्र असतं. बोटाचा ठसा, फोटो, सही. बाहेर आल्यावर उसाचा रस. मग घरी नेऊन साडीचोळी. एकराचा भाव काय चाललाय हे सोलापूर रस्त्यावरच्या प्रत्येक फलकाला माहीत आहे, आणि बहिणीच्या वाट्याचा भाव ठरलेला आहे, एक साडी. बहीण नाही म्हणाली तर माहेर तुटलं. मिस्टर कोलिन्स निदान लांबचा भाऊबंद होता.

मी हे वरून बघून बोलत नाही. आमच्या बहिणीनं सही केली तेव्हा मीच येवल्याहून पैठणी आणली होती. चांगली, हातमागाची, मोराच्या पदराची. तिनं ती अजून नेसलेली नाही. विचारलं तर म्हणते, प्रसंग आला नाही.

तेव्हा मालिकेतली पैठणी दिसली, कॅमेरा पदरावरून सावकाश फिरायला लागला, मागं सनई सुरू झाली, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो की ही कितीत पडली. दुकानातली किंमत नव्हे.

तर, शूटिंग झालं. एका दिवसाचंच, चाचणी भाग होता. वाड्याच्या ओसरीवर उजेडाचे खांब लागले, गल्लीच्या तोंडाशी जनरेटरची गाडी धडधडत उभी राहिली, स्पॉटदादानं सगळ्या आळीला चहा पाजला. डार्सीचा वाडा पेंबर्ली म्हणून अण्णांचा सोपा. दारातली ट्रॅक्टरची ट्रॉली हलेना, म्हणून तिच्यावर झेंडूच्या माळा टाकून तिला रथासारखं काहीतरी केलं. तेलाच्या टँकरचा हॉर्न दर दोन मिनिटांनी पेशवाईत घुसत होता. साउंडवाला कानातलं काढून नुसता आकाशाकडं बघत बसला.

नायिका लग्नाची तयारी करते असा प्रसंग. त्यासाठी जुनी पेटी हवी होती. अण्णांच्या माजघरात लोखंडी पेटी आहे, पितळी कडीची, त्यांच्या आज्याची. प्रॉपर्टीवाल्या पोरानं झाकण उघडलं आणि आतला कागदांचा गठ्ठा उचलून अण्णांच्या हातात दिला.

"हे नको काका. फक्त पेटी. कागद प्रॉपर्टीत नाही धरत."

गठ्ठा तांबड्या फडक्यात बांधलेला होता. अण्णांनी तो ओट्यावर आणून सोडला, काही गळालं नाही ना बघायला. जुनी खरेदीखतं, सोसायटीच्या पावत्या, फेरफाराच्या नकला, एका विहिरीच्या पाणीपाळीचा करार. आणि एक पिवळा पडलेला स्टँपपेपर, त्याच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा अंगठा. रेषा अजून मोजता येत होत्या.

"थोरल्या आक्काचा," अण्णा म्हणाले. "चव्वेचाळीस गुंठे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "हिरवी इरकल घेतली व्हती. बार्शीहून."

आत दिग्दर्शक ओरडला, सायलेन्स. नायिका पेटीपुढं बसली, आतून शालू काढला, गालाला लावला. "सुंदर! अजून एकदा. यावेळी नथीवर जा." पुन्हा काढला, पुन्हा लावला. अण्णांना बघायचं होतं म्हणून ते गठ्ठा काखेत धरून दाराच्या चौकटीशी जाऊन उभे राहिले. कागद ठेवायला जागाच नव्हती, पेटी तर कामात होती.

मॉनिटरमागून कोणीतरी म्हणालं, "काका, जरा फ्रेमबाहेर या. कागद दिसतायत."